दीड फुटी पाइपातलं बिऱ्हाड

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (बायका साष्टांग घालत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण बुधवारपासून मी रोज चार-चार तास पोटावर आडवी होते, तेव्हा आठही अंगं जमिनीला टेकलेलीच होती. म्हटलं, एवढा नमस्कार वाया कशाला घालवा, तुमच्याच पायी रुजू करावा.)

खुब्याचं हाड कसं आहे? वहिनीने कळवलं की तुम्ही वॉकर धरून खिडकीपर्यंत जाता आणि तिथे उभे राहून समोरच्या इमारतीच्या पाइपांना नावं ठेवता. वाचून जिवात जीव आला. वहिनीने मला असंही बजावलंय की मामांना दुकानातलं काहीएक कळवायचं नाही, कामाचं नाव निघालं की ते कॉटवरून पाय खाली सोडतात. तुमचा फोनही तिने त्यासाठीच काढून घेतलाय. तिचं बरोबर आहे. तेव्हा या पत्रात कामाचं अक्षरही नाही. दुकान ठीक आहे, मी ठीक आहे, आणि पत्र आहे ते एका सिनेमाबद्दल. निवांत पडून वाचा. मध्येच उठून बसावंसं वाटलं तर वाटू द्या, पण उठू नका.

मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर दारात एक बाई उभ्या. अंगात बिनबाह्यांचं जाकीट, आणि त्याला इतके खिसे की मी मोजायला लागले आणि अकराव्या खिशावर त्या बोलायला लागल्या. दिग्दर्शिका आहेत. जनावरांच्या लपलेल्या आयुष्यावर सिनेमे काढतात. त्यात नट नाही, नटी नाही, गाणं नाही. याआधी त्यांनी गोगलगाईवर सव्वा तासाचा सिनेमा काढला. (मी विचारलं, सव्वा तासात ती पोचते कुठे? त्या म्हणाल्या, पोचत नाही, म्हणूनच लोक शेवटपर्यंत बसतात.) आता त्यांना साळिंदर हवं होतं. रानात हिंडणारं नव्हे, घरातलं. दिवसा बिळात ते कसं झोपतं, नवराबायको एकमेकांशी कसे वागतात, पिल्लांचं कोण बघतं, ते. सात महिने शोधल्यावर त्यांना जोडी सापडली ती बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागे, बांधाच्या पोटात उघडणाऱ्या एका जुन्या दीड फुटी सिमेंटच्या पाइपात. दोन बेंड ओलांडून आत. आणि त्यांचा तो परदेशी कॅमेरा पहिल्याच बेंडला नाक घासून परत येत होता. कुणीतरी त्यांना सांगितलं की आपल्या दुकानात तुंबलेल्या लाइनीत सोडायचा, केबलवाला कॅमेरा आहे.

तुमचं वाक्य मला पाठ आहे, मामा. "हा कॅमेरा पाइपात जाईल, बाकी कुठेही जाणार नाही." मी तेच त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, मग हा पाइपच तर आहे. तरीसुद्धा मी नाहीच म्हणत होते; पण पायरी उतरता उतरता त्या आपल्याशीच म्हणाल्या, "जाऊ दे, दोन बेंडांतून केबल काढणं कुणालाच जमायचं नाही." (आता तुम्हीच सांगा.)

बुधवारपासून माझी सिनेसृष्टीतली कारकीर्द सुरू झाली. साबण लावून आंघोळ करायची नाही, डोक्याला तेल नाही, बोलणं नाही, खोकला नाही. शिंक आलीच तर मातीत तोंड खुपसायचं. आम्ही चौघं. बाई, कॅमेरावाला, जो उंच, किडकिडीत आणि तासन्‌तास एका पायावर भार टाकून उभा, म्हणून मी त्याचं नाव बगळा ठेवलं, साठी उलटलेले ध्वनीवाले काका, हातात केसाळ बोळा लावलेली माइकची काठी, आणि मी. काकांची गंमत अशी की हेडफोन काढले तर त्यांना समोरचा माणूस ऐकू येत नाही, आणि लावले तर बारा फुटांवरचा मुंगळा कुठल्या पायाने लंगडतो ते सांगतात. मी पाइपाच्या तोंडाशी पोटावर पडले आणि केबल सोडली. ढकलली नाही, तुम्ही शिकवलंत तशी, दोन बोटांत पिळत, तिला वाटेल तेव्हा पुढे जाऊ देत. पहिला बेंड गेला. दुसऱ्याला अर्धा तास लागला. मग तळहाताएवढ्या पडद्यावर आधी दिसली हाडं. साळिंदरं हाडं गोळा करून आणतात आणि दात घासायला कुरतडत बसतात. आपल्या दुकानात जुन्या तोट्यांचा ढीग असतो तसा यांच्या ओसरीवर हाडांचा. आणि मग सगळा पडदा काट्यांनी भरला.

यजमान होते. (जनावरांना नावं ठेवायची नाहीत असा बाईंचा नियम आहे, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात नुसतं यजमान म्हणत असे.) कॅमेऱ्याकडे पाठ, सगळे काटे फुललेले, आणि शेपटीचा तो खुळखुळा वाजवत एकेक पाऊल मागे, म्हणजे आमच्याकडे. काका डोळे मिटून ऐकत होते, बगळ्याने श्वास घ्यायचं सोडलं होतं, माझ्या नाकावर एक माशी बसली होती आणि मी तिला हाकलू शकत नव्हते. एक काटा भिंगाला टेकला. तिथेच ते थांबले. वीस मिनिटं आम्ही सहा जीव (माशी धरून) तसेच. शेवटी यजमानांनी काटे खाली घेतले, कंटाळल्यासारखे बाजूला झाले, आणि त्यांच्या मागे पाइप फुटला होता तिथे, तळाला लागून मातीत कोरलेल्या कोनाड्यात, यजमानीणबाई कुशीवर पडलेल्या दिसल्या. पोटाशी दोन पिल्लं. एकेक मुठीएवढं. काटे अजून मऊ, ओल्या ब्रशासारखे अंगाला चिकटलेले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण जाकीट सरसरलं असतं.

गुरुवारी माझ्या डोक्यात किडा शिरला. सगळे पिल्लांकडे बघत होते आणि मी बघत होते पाइपाकडे. (सवय. मी लग्नाला गेले तरी आधी त्यांची मोरी बघते.) पाइपाच्या भिंतीवर निम्म्या उंचीला एक रेघ होती. रेघेच्या वर काजळी आणि जळमटं, रेघेच्या खाली पाइप घासून धुतल्यासारखा पांढुरका. आता या रेघेचा अर्थ तुम्हाला सांगायला नको, पण बाईंना सांगावा लागला: या पाइपातून पाणी जातं. झिरपून नव्हे, निम्मा पाइप भरून, जोरात; आणि वर्षभराच्या आत गेलेलं आहे. हे जोडपं त्यानंतर राहायला आलं असणार. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. मग पाणी कुणाचं?

मी केबल बगळ्याच्या हातात दिली आणि चढावर कारखान्याच्या अंगणात गेले. तिथे गवतात चेंबर सापडलं. झाकण पहारीने सरकवून आत उतरले. पाच फूट खोल, कोरडं ठणठणीत, आणि वास क्लोरीनचा. बाजूच्या भिंतीला भगदाड पाडून एक नऊ इंची पाइप आत घेतलेला, जो मुळात तिथे असायचं काहीच कारण नाही. जोड मात्र असा की बघत राहावं. ताग ठोकून बसवलेला, वर सिमेंटची वळी, वळी थापीने नव्हे, चमच्याच्या पाठीने घोटलेली. आणि वळीच्या शेवटी, सिमेंट ओलं असताना दाबलेला, एक अंगठा. अर्धं नख नसलेला.

मामा, मी त्या चेंबरात उकिडवी बसून किती वेळ त्या अंगठ्याकडे बघत होते कोण जाणे. मी सात-आठ वर्षांची असताना तुमच्याबरोबर कामावर यायचे. जोड झाला की तुम्ही अंगठा दाबायचात आणि म्हणायचात, ही आपली सही, आता याला गळायची लाज वाटेल. मी नंतर टेप लावून मोजलं. तिथून रस्त्याकडेचं मोठं गटार अकरा फुटांवर आहे. अकरा फूट पुढे गेला असतात तर हे पाणी गटारात पडलं असतं. तुम्ही ते जवळच्या मेलेल्या लाइनीत सोडून दिलंत. मध्ये खडक लागला असेल, माणसं पळाली असतील, त्या दिवशी तुम्हाला ताप असेल. मी विचारत नाही. पत्र सिनेमाबद्दल आहे.

कारखान्याच्या भिंतीपलीकडे काय आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरणतलाव. मी धावत फाटकाशी गेले आणि पाटी वाचली: वार्षिक सफाईसाठी तलाव शुक्रवारी सकाळी दहा वाजता रिकामा करण्यात येईल. म्हणजे दुसऱ्याच दिवशी. आत व्यवस्थापक होते, टेबलावर तीन पेन्सिली एका रांगेत लावून बसलेले. मी म्हटलं, आठ दिवस पुढे ढकला, पाइपात दोन दिवसांची पिल्लं आहेत. त्यांनी शांतपणे नकाशा उलगडला, पेन्सिलीने रेघ ओढत गटारापर्यंत नेली आणि म्हणाले, "नकाशात साळिंदर नाही. खरं सांगायचं तर नकाशात तुमचा तो पाइपही नाही." मग अर्ज करा म्हणाले. उत्तर पंधरा दिवसांत. निदान व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडा म्हटलं तर म्हणाले, तो वर्षातून एकदा उघडतो, उघडायला दोन माणसं लागतात, आणि बंद तो स्वतःच्या मर्जीने होतो. फरशी घासणारी माणसं परगावाहून निघालेलीसुद्धा होती. माणूस वाईट नव्हता. मला पाणी प्यायला दिलं. (तलावाचं नव्हे.)

परत आले तेव्हा तिघंही पडद्याभोवती होते. मी बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हुसकून बाहेर काढू म्हटलं तर त्या म्हणाल्या, हुसकलेली आई पिल्लं टाकून पळेल की घेऊन पळेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि यजमान आधी आपल्यालाच काटे टोचतील. मग मी म्हटलं, पाणी अडवू. त्या म्हणाल्या, "आमचा एकच नियम आहे. आपण फक्त बघायचं. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही."

"अहो, तरणतलाव काय निसर्ग आहे?" मी म्हटलं. "ही ढवळाढवळ माझ्या मामांनी कित्येक वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. मी फक्त ती आवरते."

मला वाटलं त्या चिडतील. त्या खाली बसल्या आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी नदीकाठच्या वाळूत एका पक्ष्याची अंडी त्या टिपत होत्या. पाणी चढायला लागलं. हाताच्या अंतरावर अंडी होती. उचलून दोन पावलं वर ठेवायची एवढंच. त्यांनी नियम पाळला आणि कॅमेरा चालू ठेवला. पक्षी पाण्यातून फेऱ्या मारत होता ते सगळं आलं. त्या सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं. तो त्यांनी नंतर एकदाही बघितलेला नाही. एवढं सांगून त्या उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला काही करा म्हणणार नाही. करू नका असंही म्हणणार नाही. कॅमेरा मात्र बंद करणार नाही." मला तेवढं पुरेसं होतं.

आता दीड फुटी पाइपाला बूच कशाचं घालायचं? आपल्याकडचे फुगवायचे रबरी बूच एक फुटाच्या वर नाहीत. वाळूची पोती घालून बघितली, ती बाजूंनी गळणार हे दिसत होतं. शुक्रवारी सकाळी दुकानात उभी राहून मी चहूकडे बघत होते, आणि माळ्यावर तुमची गादी दिसली. कापसाची. दुपारच्या झोपेची. जिच्यावर मी लहानपणी एकदा बूट घालून चढले होते आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, ती. (सांगून टाकलं. आता पुढचं मोकळ्या मनाने लिहिता येईल.) कापूस भिजला की फुगतो, या एका गोष्टीवर मी सगळा भरवसा टाकला. गादीची घट्ट गुंडाळी केली, नायलॉनच्या दोरीने तिला आडवे-उभे वेढे घातले, आणि चेंबरात उतरून ती जुन्या पाइपाच्या तोंडात ठोकून बसवली. पाणी तिला आत ढकलणार, म्हणून दोरीचं दुसरं टोक वर आणून चेंबरच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या पहारीला बांधलं. वर आले तेव्हा पावणेदहा झाले होते.

खाली बांधाशी बगळा पडद्यावर, काकांचा माइक पाइपाच्या तोंडात, आणि माझ्या कमरेला त्यांचा वॉकीटॉकी. बाई माझ्यापासून वीस पावलांवर, दुसरा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावून. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. माझं कसं दिसत होतं ते सिनेमात कळेल. दहा वाजले. काही झालं नाही. दहा वाजून चार मिनिटं. मला उगाचच आशा वाटायला लागली की फरशीवाल्यांची गाडी चुकली असेल. तेवढ्यात वॉकीटॉकीत काका कुजबुजले, "आलं."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी सहापर्यंत मोजलं. मग तुमचा नऊ इंची पाइप खाकरला, आणि एकदम हंबरडा फोडून चेंबरात कोसळला. गादी जागच्या जागी थरथरली, पाणी तिच्यावर चढलं, आणि दोरी अशी ताणली गेली की गाणं म्हणायला लागली. दोन फूट. तीन फूट. पहार सिमेंटच्या कडेवरून करकर करत सरकली; एक टोक निसटलं असतं तर दोरी, गादी आणि ते सगळं पाणी एकाच झपाट्यात खाली गेलं असतं. मी पहारीवर पालथी पडले आणि दोन्ही हातांनी दोरी धरली. हातांची सालं निघत होती ते मला कळत होतं, पण जरा दूरवरून, दुसऱ्या कुणाची निघावीत तसं.

"करंगळीएवढी धार येतेय," बगळा कुजबुजला. "यजमान उठले." (तोही त्यांना यजमान म्हणायला लागला होता, हे मला तेव्हा कळलं.) "धारेकडे पाठ केलीय. पाइपात आडवे उभे राहिलेत. काटे फुलवले. खुळखुळा वाजवतायत." म्हणजे मामा, हा गृहस्थ पाण्याला घाबरवत होता. वाघ आला असता तरी त्याने हेच केलं असतं. त्याच्याजवळ एवढंच होतं. "धार वाढतेय. अंगठ्याएवढी झाली." माझ्या हातातून दोरी वीतभर सुटली. "आईने पिल्लं पोटाखाली ओढली. कोनाड्यात ओल शिरली." पुन्हा वीतभर.

इतक्यात माझ्या हातांच्या पुढे आणखी दोन हात आले आणि दोरी थांबली. कॅमेरा तिकाटण्यावर एकटाच चालू होता आणि बाई माझ्या शेजारी चिखलात पालथ्या, दोन्ही पाय चेंबरच्या कडेला रोवलेले, सगळ्या खिशांतून वस्तू पाण्यात पडतायत. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी काहीही करत नाहीये," त्या दातओठ खात म्हणाल्या. "माझा तोल गेलाय."

पाणी चेंबरच्या तोंडाशी आलं, वर आलं, आमच्या कोपरांवरून वाहायला लागलं. आम्ही दोघी आडव्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा, तोंडं वर काढून श्वास घेत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाई म्हणतात अकरा मिनिटं, कारण कॅमेऱ्यात मोजलेलं आहे. आणि मग एकदम दोरी सैल पडली.

सैल म्हणजे पार सैल, हातात लोंबली. गादी गेली. वॉकीटॉकीतून आवाज नाही. बाईंनी डोळे मिटले. मी वॉकीटॉकी कानाशी धरला. मग बगळा, जो तीन दिवसांत एकदाही कुजबुजण्यापलीकडे गेला नव्हता, तो बांधावरून सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असा ओरडला, "धार थांबली!" (यजमानांना त्या पाण्यापेक्षा या ओरडण्याचा जास्त धक्का बसला. ते तडक बायकोच्या मागे जाऊन लपले.) गादी कुठे गेली नव्हती. कापूस फुगून पाइपात असा चेपून बसला होता की तिला दोरीची गरजच उरली नव्हती. इतकी वर्षं तुम्ही तिला उन्हात घालून हलकी ठेवलीत, ते कामी आलं.

हे सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण पाण्याला कुठेतरी जायचं होतंच. ते अंगणातून पसरत कारखान्याच्या शेडमध्ये शिरलं, जिथे वीस वर्षांपूर्वीची साबणाच्या भुकटीची पोती थप्पी लावून ठेवलेली आहेत, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. शेडच्या एका दारातून पाणी आत जात होतं आणि दुसऱ्या दारातून फेस बाहेर येत होता. आधी घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा, मग फाटकातून रस्त्यावर. दोन सायकलवाले त्यात शिरले आणि बराच वेळ दिसले नाहीत. लोक गच्चीवर चढून बघत होते. आणि त्या फेसातून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात नकाशाची सुरळी उंच धरून, पालिकेचे अभियंता साहेब येताना दिसले.

मी चिखलाने माखलेली, दोन्ही हातांतून रक्त, आणि तीन दिवस बिनसाबणाची. त्यांनी आधी नकाशा बघितला, मग फेस, मग मला. म्हणाले, हे पाणी गटारात असायला हवं. मी म्हटलं, हो. म्हणाले, मग ते इथे काय करतंय? मी म्हटलं, लाइन तुंबली होती. (यात खोटं काहीच नाही. कशाने ते त्यांनी विचारलं नाही.) त्यांनी बॅटरी काढून चेंबरात बघितलं, पण आत नुसता फेस. फेस ओसरला की परत येतो म्हणाले, आणि सोमवारपासून ही सगळी लाइन बांधापर्यंत खणून काढायची म्हणाले. पाणी थांबवलं ते या खणण्यासाठी का, असं मला झालं. पण मी काहीतरी बोलले, ते बोलणं त्यांना पटलं, आणि खणणं तूर्त टळलं आहे. काय बोलले ते महत्त्वाचं नाही.

तलाव आता रिकामा आहे. पुन्हा वर्षभर त्या पाइपात पाणी येणार नाही, आणि तोवर अकरा फूट मी स्वतः खणून ती लाइन गटाराला नेणार आहे. खडक लागला तरी. आज सकाळी पडदा बघितला तेव्हा कोनाड्यातली माती सुकत आली होती. एक पिल्लू आईच्या अंगावर चढून घसरत होतं, पुन्हा चढत होतं, आणि यजमान हाड कुरतडत बसले होते, जणू त्यांनी खुळखुळा वाजवला म्हणूनच पाणी थांबलं. त्यांना कोण सांगणार?

तर असं हे सिनेमाचं. प्रकृतीला जपा. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांगा. औषध वेळेवर घ्या. माझे हात बरे आहेत, अक्षरावरून घाबरू नका. पट्टी बांधलेल्या हाताने पेन धरलंय.

आपली,
ज्या भाचीच्या हातात खुळखुळ्याऐवजी पाना दिलात, ती

ता. क. : कॅमेरा अजून आतच आहे. पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे बाईंच्या अंदाजाने दोन-अडीच महिने, तो तिथेच राहील. काल यजमानांनी केबलचं रबर थोडं कुरतडलं, त्यामुळे चित्र थरथरतं, पण येतं. तुम्ही म्हणाला होतात तसा तो पाइपातच गेला आहे, बाकी कुठेही नाही.

ता. क. २ : हे पत्र ध्वनीवाल्या काकांच्या हाती पाठवते आहे, कारण ते तुमच्या गावावरून जाणार आहेत आणि पत्र सोमवारच्या आत पोचायला हवं. (त्यांच्याशी बोलायचं असेल तर आधी हेडफोन लावायला सांगा.) साहेबांना मी काय बोलले ते सांगूनच टाकते. मी म्हटलं, त्या लाइनीखाली काय काय पुरलेलं आहे ते फक्त माझ्या मामांना ठाऊक आहे, त्यांना उभं केल्याशिवाय कुदळ मारलीत तर काय फुटेल याचा नेम नाही, आणि ते बिचारे अजून कुशीसुद्धा बदलू शकत नाहीत. ते म्हणाले, मग मामा बरे होईपर्यंत थांबू. तेव्हा कृपा करून अडीच महिने बरे होऊ नका. सोमवारी साहेब स्वतः फळं घेऊन तुम्हाला भेटायला येत आहेत. वॉकर कॉटखाली सरकवा. खिडकीकडे बघूसुद्धा नका. वहिनीला विश्वासात घ्या, नाहीतर ती कौतुकाने सांगेल की आमचे मामा आता चालतात.

ता. क. ३ : ते जोडाबद्दल विचारतील. आठवत नाही म्हणा. काल दुपारी फेस ओसरल्यावर, साहेब परत यायच्या आत, पंपाने चेंबर उपसून मी आत उतरले होते. वळीला एक केसाएवढी चीर गेली होती, म्हणून वरून नवं सिमेंट चढवलं आणि चमच्याच्या पाठीने घोटलं. मनात दुसरं काही नव्हतं. पण घोटून झाल्यावर, काय करते आहे हे कळायच्या आत, पट्टीतून बाहेर आलेला माझा अंगठा मी त्यावर दाबून बसले. संध्याकाळी साहेबांनी बॅटरी मारून तो बघितला, माझ्या हाताकडे बघितलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. लिहू दे. तुमचा खाली आहे तसाच आहे, मी त्याला धक्का लावलेला नाही. खणलंच कुणी, तर आधी माझा सापडेल.